कुंभारणीचं घरटं आणि डार्विनचा प्रश्न



आजचं वाचन : एकनाथी भागवत, अध्याय ९. अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी शेवटचा गुरू, भृंगी.

गोष्ट तुमच्या कानावरून गेलेली असेल. भृंगी एक किडा उचलून आणते आणि भिंतीवरच्या आपल्या मातीच्या घरात कोंडते. बिचारा किडा भीतीपोटी अखंड तिचंच ध्यान करतो, आणि ध्यान करता करता स्वतःच भृंगी होतो. अवधूत यदुराजाला यातून सांगतो की मन प्रेमाने जडो, द्वेषाने जडो नाहीतर भयाने, ते जिथे पूर्ण जडतं त्याचंच रूप घेतं. आपल्या कीर्तनांमधून हा दृष्टांत इतका फिरला की कीटकभृंग न्याय असं त्याचं नावच पडलं.

आता पोथी जरा बाजूला ठेवून घरात बघूया. ही भृंगी म्हणजे आपली कुंभारीण माशी. बाल्कनीच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे तिची मातीची घरटी असतात. एखादं फोडलं तर आत हिरव्या अळ्या सापडतात, किंवा कोळी. ते मेलेले नसतात. नांगी मारून लुळे केलेले असतात. त्यांच्याबरोबर माशीचं एक अंडं असतं. अंड्यातून निघालेलं पिल्लू या जिवंत शिकारीला सावकाश खात वाढतं. शिकार मारून ठेवली तर सडेल, म्हणून ती जिवंतच ठेवायची, अशी ही व्यवस्था. शेवटी घरटं फोडून भृंगी बाहेर येते हे खरं. पण आत कोंडलेला किडा भृंगी झालेला नसतो. तो खाल्ला गेलेला असतो.

दृष्टांत मनाबद्दल आहे, प्राणिशास्त्राबद्दल नाही, त्यामुळे अवधूताचं म्हणणं याने खोटं ठरत नाही. पण एकदा हे कळलं की दुसराच एक प्रश्न मनात घर करतो. ही माशी ज्याने घडवली, तो दयाळू कसा? तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला हे विचारलंय. कुणी जंगलाचं रील बघून, कुणी घरातलं आजारपण बघून. आणि विचारताना आवाज थोडा खाली जातो, जणू काही पाप बोलतोय. म्हणून आज मी एका माणसाचं चरित्र सांगणार आहे. त्याने हाच प्रश्न अशाच एका माशीकडे बघून विचारला आणि मरेपर्यंत सोडला नाही. चार्ल्स डार्विन.

डार्विन म्हटलं की आपल्याला माकडापासून माणूस आठवतो आणि देवाशी भांडणारा एक शास्त्रज्ञ डोळ्यांपुढे येतो. खरा माणूस बराच वेगळा होता.

१२ फेब्रुवारी १८०९ ला इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावी त्याचा जन्म झाला. वडील नावाजलेले डॉक्टर. तो आठ वर्षांचा असताना आई गेली. पुढे वडिलांनी त्याला डॉक्टर करायचं ठरवून एडिंबरोला पाठवलं. तिथे त्याने दोन शस्त्रक्रिया पाहिल्या, त्यातली एक लहान मुलावरची. भूल देण्याचं औषध तेव्हा नव्हतं. दोन्ही वेळा तो अर्ध्यातून निघून गेला आणि परत कधी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. ती आठवण त्याला पुढे कितीतरी वर्षं छळत राहिली. या मुलाला दुसऱ्याचं दुखणं बघवत नाही, एवढं तिथेच कळतं.

मग वडिलांनी दुसरी वाट काढली : पाद्री हो. १८२८ मध्ये डार्विन केंब्रिजला गेला तो चर्चमध्ये नोकरी धरायच्या तयारीने. तिथे अभ्यासाला विल्यम पेली या धर्मपंडिताची पुस्तकं होती. पेलीचं निसर्गावरचं पुस्तक १८०२ चं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माळावर घड्याळ पडलेलं सापडलं तर ते कुणीतरी घडवलं असणार हे आपण ओळखतो. मग डोळा, पंख, पाकळी यांचीही रचना तशीच आहे, तर त्यांचाही घडवणारा असलाच पाहिजे. आणि तो भला आहे, कारण जग एकंदरीत आनंदाने भरलंय, हवेत नाचणारे किडेसुद्धा खुशीत आहेत. तरुण डार्विनला हा युक्तिवाद अतिशय आवडला होता. फावल्या वेळात तो भुंगेरे गोळा करायचा. त्याच्यासाठी निसर्ग म्हणजे देवाच्या चांगुलपणाचं उघडं पुस्तक होतं.

२७ डिसेंबर १८३१ ला बीगल जहाज निघालं आणि जवळपास पाच वर्षं त्याला घेऊन जगभर फिरलं. ब्राझीलच्या अरण्यात पहिल्यांदा शिरला तेव्हा त्याचं मन अक्षरशः भरून आलं. आपण देवळात पहिल्यांदा मूर्तीसमोर उभे राहतो तसं काहीतरी. पण त्याच देशात, रिओजवळ, त्याने एका गांधीलमाशीचा आणि मोठ्या कोळ्याचा झगडा पाहिला. माशीने पुन्हा पुन्हा वास काढत लपलेल्या कोळ्याला गाठलं, नांगी मारली आणि ओढत न्यायला लागली. काही माश्या मातीच्या खणांत अर्धमेले कोळी आणि अळ्या पिल्लांसाठी भरून ठेवतात, हेही त्याने नोंदवलं. म्हणजे आपल्या कुंभारणीच्याच नात्यातल्या माश्या. अरण्याचा आनंद आणि मातीचा तो खण, दोन्ही एकाच माणसाने, एकाच प्रवासात लिहून ठेवलं. पुढे चिलीमध्ये २० फेब्रुवारी १८३५ चा भूकंप त्याने स्वतः अनुभवला आणि काही दिवसांनी कॉन्सेप्शन शहराचा ढिगारा पाहिला.

परत आल्यावर, १८३८ मध्ये, त्याला उत्क्रांतीची किल्ली सापडली. जन्माला येतात त्यापेक्षा जगतात फार थोडे, आणि जे त्या परिस्थितीत टिकतात त्यांचेच गुण पुढे जातात. आपल्या प्रश्नासाठी यातला एक मुद्दा महत्त्वाचा आहे. तोवर क्रूरता हा सृष्टीतला अपवाद समजता येत होता, चित्रावर पडलेला एखादा डाग. आता दिसलं की डोळा आणि पंख घडतात त्यामागे असंख्य जिवांचं मरण आहे. पेलीला ज्यात घड्याळजीचा हात दिसला होता, तिथे डार्विनला भूक, रोगराई आणि स्पर्धा काम करताना दिसली.

जानेवारी १८३९ मध्ये त्याने मामेबहीण एमा वेजवूडशी लग्न केलं. एमा मनापासून श्रद्धाळू. वडिलांनी बजावलं होतं की आपल्या शंका बायकोला सांगू नकोस. डार्विनने लग्नाआधीच सांगून टाकल्या! एमाने लग्नानंतर लवकरच त्याला एक पत्र लिहिलं. तुझं संशोधन तुला अशा ठिकाणी नेऊ नये की मरणानंतर आपली ताटातूट होईल, अशी त्यातली काळजी होती. रागाचा एक शब्द नव्हता. ते पत्र डार्विनने आयुष्यभर जपलं. हे आपण अनेकदा चुंबलंय आणि यावर रडलोय, अशी ओळ त्याने त्यावर लिहून ठेवली होती. दोघांचा संसार ४३ वर्षं चालला. तो प्रश्न त्यांच्या घरात शेवटपर्यंत राहिला आणि प्रेमही.

त्यांना दहा मुलं झाली. तीन लहानपणीच गेली. त्यांतली ॲनी ही दुसरी. जन्म २ मार्च १८४१. बापाच्या खोलीत शिरून त्याचे केस विंचरणारी, फिरायला जाताना त्याच्यापुढे गिरक्या घेत धावणारी. दहाव्या वर्षी तिची तब्येत ढासळली. तिला माल्व्हर्न गावी डॉक्टर गली यांच्याकडे पाण्याच्या उपचारांसाठी नेलं. एमाचे दिवस भरत आले होते, तिला प्रवास शक्य नव्हता. म्हणून मुलीच्या उशाशी बाप बसला आणि रोज एमाला पत्रं लिहीत राहिला. कधी ताप, कधी उलट्या, कधी थोडा उतार, की पुन्हा आशा. २३ एप्रिल १८५१ ला ॲनी गेली. तिला पुरायच्या वेळीही तो थांबू शकला नाही. एमाला सावरायला घरी परतला. आठवड्याभरात त्याने मुलीच्या आठवणी लिहून काढल्या, तिचा चेहरा, तिचं हसणं विसरायला होऊ नये म्हणून. एमाने तिच्या बारीकसारीक वस्तू एका पेटीत जपून ठेवल्या.

ॲनीच्या मृत्यूनेच त्याची श्रद्धा संपली असं कुणी म्हणतं, तर कुणी म्हणतं ती आधीपासूनच विरत चालली होती. मला दुसरं जास्त पटतं. पण एक नक्की. प्रश्न आता अळीचा राहिला नाही. १८५८ मध्ये दीड वर्षाचा चार्ल्स स्कार्लेट फीव्हरने गेला. त्यानंतर तीनच दिवसांनी, १ जुलैला, लंडनच्या लिनियन सोसायटीत डार्विन आणि वॉलेस यांचा सिद्धांत पहिल्यांदा वाचला गेला. डार्विन तिथे नव्हता. घरात दुखवटा होता. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १८५९ मध्ये, त्याचं ते प्रसिद्ध पुस्तक आलं.

मे १८६० मध्ये त्याने अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना पत्र लिहिलं. ग्रे स्वतः धार्मिक, आणि उत्क्रांती व ईश्वर दोन्ही एकत्र नांदू शकतात असं मानणारे. डार्विनने त्यांना आपली अडचण सांगितली. जिवंत अळीच्या शरीरात अंडी घालणाऱ्या आणि आपल्या पिल्लांना ती आतून खायला देणाऱ्या माश्या एका दयाळू, सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम घडवल्या, हे आपल्या गळी उतरत नाही. मांजर उंदराला खेळवून मारतं, तेही नाही. पण त्याच पत्रात त्याने पुढे हेही कबूल केलं की हे अद्भुत विश्व, आणि विशेषतः माणसाचं मन, निव्वळ आंधळ्या शक्तींतून आलं असंही मानवत नाही. सगळा विषय माणसाच्या बुद्धीबाहेरचा आहे, कुत्र्याने न्यूटनच्या मनाचा ठाव घ्यायला निघावं तसा, असं म्हणून तो थांबला. पुढेही कुणी खोदून विचारलं तर तो स्वतःला नास्तिक म्हणवून घेत नसे. ठामपणे माहीत नाही म्हणणारा, एवढंच.

आणि हा माणूस जगत कसा होता? गावच्या पाद्र्याशी त्याची घट्ट मैत्री. गरिबांसाठीच्या गावच्या मंडळाचे हिशेब तो सांभाळायचा. गुलामगिरीचा विषय निघाला की पेटायचा. १८६३ मध्ये त्याने आणि एमाने मिळून प्राणी पकडायच्या दातेरी लोखंडी सापळ्यांविरुद्ध आवाहन काढलं. पाय अडकलेला जीव आठ-दहा तास तडफडतो, याकडे लक्ष वेधलं. श्रद्धेवर दोघांचं एकमत नव्हतं, त्या सापळ्यावर होतं.

१८७१ च्या पुस्तकात त्याने दयेची मुळं प्राण्यांमध्ये शोधली. तिथे आपल्या देशातली एक नोंद आहे. कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम केलेले एडवर्ड ब्लिथ यांनी त्याला कळवलं होतं की इथले कावळे आपल्या आंधळ्या सोबत्यांना चारा भरवताना आपण पाहिले. मातीच्या खणातला अर्धमेला कोळी ज्याने टिपला, त्यानेच आंधळ्या कावळ्याला मिळालेला घासही टिपला. एकही लपवला नाही.

१८८१ मध्ये गांडुळांवर शेवटचं पुस्तक लिहून १९ एप्रिल १८८२ ला तो गेला. ज्या चर्चचा तो पाद्री होणार होता, त्याच चर्चच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये त्याला सन्मानाने पुरलं. इतकी वर्षं जपलेलं पत्र एमासाठी मागे राहिलं.

आता आपल्या वाचनाकडे.

आपल्या शास्त्रांना हा प्रश्न नवा नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात तो थेट उभा केलाय. ईश्वरावर दोन आरोप : वैषम्य, म्हणजे पक्षपात, आणि नैर्घृण्य, म्हणजे निर्दयपणा. म्हणजे ईश्वराला निर्दय म्हणणारी शंका सूत्रकारांनी स्वतःच, स्वच्छ शब्दांत मांडली. उत्तर असं की सृष्टी जिवांच्या कर्माला धरून होते. शंकराचार्य पावसाचा दाखला देतात. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो, पीक बीजाप्रमाणे येतं.

हे उत्तर मी मानते. पण ते कुठे वापरायचं याचं भान ठेवलं नाही, तर तेच निर्दय होतं. माल्व्हर्नच्या त्या खोलीत जाऊन ॲनीच्या बापाला तिच्या पूर्वकर्माबद्दल सांगण्याची कल्पना करून बघा. नाही ना जमत? सूत्र विश्वाच्या व्यवस्थेबद्दल बोलतं. उशाशी बसलेल्या माणसाला गप्प करायला ते लिहिलेलं नाही. आणि त्या अळीला तर आपलं कुठलंच उत्तर ऐकू जात नाही.

पेलीची श्रद्धा मोडली, कारण ती निम्म्या सृष्टीवर उभी होती. फुलं मोजली, घरटी फोडून पाहिली नाहीत. आपल्यातही अशी भक्ती असते. मोराचा पिसारा दिसला की देवाची लीला, आणि मोराने साप फाडला की मान फिरवायची. मला वाटतं, एक डोळा मिटून केलेला नमस्कार अर्धाच पोचतो. प्रश्न पडला म्हणून श्रद्धा कमी झाली, असं तुम्ही समजू नका. ज्याला अळीचं काहीच वाटत नाही, त्याला हा प्रश्न पडतच नाही. दया असते म्हणूनच तर पडतो.

आता अवधूताचा गुरू पुन्हा आठवा. मन ज्याचं ध्यान करतं त्याचं रूप घेतं. डार्विनने जवळपास अर्धं शतक झगडा, भूक आणि मरण यांचा अभ्यास केला. या न्यायाने तो कठोर व्हायला हवा होता. झाला मात्र उलट, सापळ्यातल्या पायासाठी गावोगाव आवाहन काढण्याइतका मऊ. मग त्याचं मन खरं कुठे जडलं होतं? मला तरी वाटतं, मारणाऱ्या माशीवर नाही. सोसणाऱ्या अळीवर.

तो याला ईश्वर म्हणाला नाही, आणि मीही त्याच्या तोंडी ते घालणार नाही. दयेचा उगमही त्याने निसर्गाच्या नियमांतच शोधला. पण मी भक्त म्हणून वाचते तेव्हा एवढं दिसतं : ज्या सृष्टीने ती नांगी घडवली, तिनेच नांगी बघून कळवळणारं हृदयही घडवलं. हा काही पुरावा नव्हे. वाद जिंकायला याचा उपयोग होणार नाही. नमस्कार कुठे करायचा, तेवढं मात्र मला यातून कळतं.

आजचा नेम : आज कुणी त्रासात दिसलं, माणूस, मांजर, उन्हाने धापा टाकणारा कावळा, तर कारण शोधण्याआधी जवळ जा. पाणी ठेवा, फोन करा, नुसतं शेजारी बसा. देव असं का करतो, हा प्रश्न संध्याकाळी दिव्यासमोर बसून बिनधास्त विचारा. आवाज खाली न करता.

उद्या अध्याय १० सुरू करूया. राम कृष्ण हरी!